परसातली आजारी कोंबडी : शुश्रूषा, निर्णय आणि दयामरण

परसातल्या कोंबडीला म्हातारपण क्वचितच लाभते. मुंगूस, मांजर आणि भटकी कुत्री यांच्या तावडीतून सुटलेली कोंबडी पाहुण्यांच्या किंवा जत्रेच्या निमित्ताने कापली जाते. त्यातूनही वाचली तर एखाद्या वर्षी मर येते आणि आठवड्याभरात खुराडे ओस पडते. नीट सांभाळलेली कोंबडी मात्र पाच ते आठ वर्षे जगू शकते. काही त्याहूनही अधिक जगतात. भरपूर अंडी देण्याचे तिचे दिवस पहिल्या दोन-तीन वर्षांतच सरतात. म्हणून ज्या घरात पाळलेली कोंबडी कापायची नाही असे ठरलेले असते, त्या घराला तिचे उतारवय, तिचे दुखणे आणि तिचे मरण हे सगळे निभावावे लागते. याची तयारी फार थोड्या घरांत असते.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींहून अधिक भरली. त्यांतले जवळपास ३२ कोटी परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ही परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. पशुवैद्यकीय व्यवस्था मात्र गाय, म्हैस, शेळी आणि मोठे पोल्ट्री फार्म यांच्या भोवती उभी आहे. चार कोंबड्यांच्या मालकाला त्यातली एक बसली तर कोणाला विचारावे हेच माहीत नसते.

सोलापूर–पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीचा परिसर हे अशा पालनाचे बोलके उदाहरण आहे. मोहोळ तालुक्यातील या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या शेडी आहेत, कामगारांच्या खोल्या आहेत आणि कुंपणापलीकडे लगेच चिंचोळी काटी, पाकणी, कोंडी या गावांची ज्वारी-उसाची राने सुरू होतात. अशा ठिकाणी थोड्या कोंबड्या पाळणे सोपे असते. उष्टे-खरकटे, सांडलेले धान्य, किडामुंगी एवढ्यावर त्यांचे बरेच भागते. त्यांचे दुखणे सांभाळणे तितके सोपे नसते. घरातली माणसे पाळीने कामाला जातात, त्यामुळे पक्ष्यांकडे नीट पाहणारे डोळे दिवसातून एकदाच, तेही अंधारात, खुराड्याकडे वळतात. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. कापडधंद्याच्या जिल्ह्यात सुताचे तुकडे सगळीकडे पडलेले असतात. ते कोंबडीच्या पायाला गुंडाळले गेले की बोट काळे पडून गळते, आणि गिळले गेले की पोटात त्यांचा बोळा होतो. तारेचे तुकडे, खिळे, वॉशर, बॅटरीच्या भंगारातले शिसे यांवरही कोंबडी चोच मारते. दाण्यांसारखे खडे टिपून पोटात साठवणे हा तिचा पचनाचाच भाग आहे, म्हणून चकाकणारा धातूचा कणही ती उचलते.

अशा घरांत आजारी कोंबडीबाबत आजवर दोन रीती चालत आल्या. पहिली म्हणजे मरायच्या आधी कापून घेणे. गरिबीत वाढलेल्या घरात मांस वाया घालवणे परवडत नसे, त्यामुळे ही रीत समजण्यासारखी आहे. पण ती धोक्याची आहे. आजारी पक्षी सोलताना, आतडी काढताना विषाणू आणि जिवाणू हातांवर, विळीवर, ओट्यावर पसरतात. नीट शिजलेल्या मांसापेक्षा ही कापाकापीच अधिक घातक असते. शिवाय पक्ष्याला आठवडाभर प्रतिजैविके दिलेली असतील तर त्यांचा अंश मांसात उरतो. याच रीतीचा आणखी वाईट प्रकार म्हणजे आजारी कोंबडी घाईघाईने आठवडी बाजारात विकणे. एका घराची मर पाच गावांत अशीच पोहोचते.

दुसरी रीत म्हणजे काहीच न करणे. कोंबडी कोपऱ्यात बसते, डोळे मिटते, घरातले म्हणतात, "जगली तर जगेल." ती तीन-चार दिवस तशीच राहते. तिच्या डोळ्यांना मुंग्या लागतात, घाण झालेल्या शेपटाखाली माश्या अंडी घालतात, सोबतच्या कोंबड्या तिच्या तुऱ्याला चोची मारतात. या रीतीत कोणी सुरी उचलत नाही, म्हणून ती दयाळूपणाची वाटते. प्रत्यक्षात पक्ष्याच्या वाट्याला येणारा त्रास हिच्यातच सर्वांत जास्त आहे. या दोन्ही रीतींपलीकडचा मार्ग असा : पक्ष्याला वेगळे काढून नीट पाहायचे, ठरावीक मुदतीपर्यंत मनापासून शुश्रूषा करायची, आणि उतार पडत नसेल तर त्याचा त्रास जलद संपवायचा. यातली मुदत ठरवणे सर्वांत अवघड असते आणि तेच बहुतेक वेळा राहून जाते.

कोंबडी आजार लपवते. तिची जात शिकार होणाऱ्यांची आहे. दुबळेपण दिसले की मुंगूस हेरते आणि कळपातल्या वरचढ कोंबड्या तिला हुसकावतात. म्हणून ती आजारी दिसू लागते तेव्हा दुखणे बहुधा बरेच पुढे गेलेले असते. सकाळी खुराडे उघडल्यावर सर्वांत शेवटी बाहेर येणारी, दाणे टाकल्यावर धावत न येणारी, पिसे फुगवून, मान आत ओढून उभी असणारी कोंबडी उचलून पाहावी. छातीचे मधले हाड हाताला सुरीच्या पात्यासारखे लागत असेल तर ती कित्येक दिवस झिजत आहे. गळ्याखालची दाण्यांची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही ती घट्ट असेल तर अडथळा आहे, लिबलिबीत आणि आंबूस वासाची असेल तर आतला चारा कुजला आहे. हिरवी विष्ठा नेहमीच विशिष्ट रोगाची खूण नसते. उपाशी कोंबडीची विष्ठाही पित्तामुळे हिरवी होते. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे माणसाच्या हाताला ती एरवीही तापलेलीच लागते आणि ताप हाताने ओळखता येत नाही.

काही वेळा आजार नसतोच. खुडूक बसलेली कोंबडी दिवसदिवस जागची हलत नाही, पिसे फुलवते, खाते कमी. पण हात लावला की चिडून फिसकारते, आणि तिचे डोळे स्वच्छ असतात. पिसे झडण्याच्या काळात कोंबडी केविलवाणी दिसते आणि अंडी थांबवते. एप्रिलच्या दुपारी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापणारी कोंबडी श्वासाच्या रोगाने नव्हे, उकाड्याने धापत असते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. धापणे हाच तिचा अंग निववण्याचा मुख्य उपाय. तिला सावलीत घेऊन पाय आणि गलोल पाण्याने ओले करावेत, प्यायला गार पाणी ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासात ती सावरली नाही तरच पुढचा विचार.

आजार खरा असेल तर पहिले काम वेगळे करण्याचे. डालग्याखाली किंवा भोके पाडलेल्या खोक्यात, कोरड्या पोत्यावर, सावलीत आणि शांत जागी पक्षी ठेवावा. पोते रोज बदलावे. निरोगी कोंबड्यांना आधी दाणापाणी देऊन मग आजारी पक्ष्याकडे जावे, नंतर हात साबणाने धुवावेत. पक्षी ज्याने पाहायचा त्या माणसाचे नाव घरात ठरलेले असावे. पाळीने कामाला जाणाऱ्या घरात "कोणीतरी बघेल" म्हणजे कोणीच बघत नाही.

पाणी अन्नापेक्षा महत्त्वाचे. गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेले पाणी ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब लावावे. पक्षी स्वतः गिळेल तेवढेच द्यावे. चोच उघडून पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते, आणि घाईने पाजलेले पाणी फुप्फुसात जाऊन कोंबडी हातातच गुदमरते. खायला भिजवलेला ज्वारीचा भरडा, पेज, कुस्करलेले उकडलेले अंडे असे मऊ आणि थोडे थोडे द्यावे. थंडीत आजारी पक्ष्याला ऊब लागते. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पुरते.

घरातल्या माणसांच्या गोळ्या देणे हा मोठा गैरसमज आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना मारक ठरते. या औषधाने भारतातली गिधाडे जवळजवळ संपवली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. ते कोंबडीलाही देऊ नये, आणि अशी औषधे दिलेला मृत पक्षी घारी-कावळ्यांपुढे तर मुळीच टाकू नये. वेदनाशामक द्यायचे तर पशुवैद्यकाकडून, पक्ष्याच्या वजनाच्या हिशेबाने. कोंबडीला वेदना होतात का, अशी शंका अजूनही घेतली जाते. ब्रिटनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलर कोंबड्यांपुढे साधे आणि वेदनाशामक मिसळलेले असे दोन रंगांचे खाद्य ठेवले होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य अधिक खाल्ले, आणि लंगडेपण जितके जास्त तितके ते प्रमाण वाढले. दुखते आहे आणि यामुळे कमी होते आहे, एवढे त्या पक्ष्यांना कळत होते. पाळणाऱ्याची जबाबदारी इथूनच सुरू होते.

कोणते दुखणे उतरते आणि कोणते नाही, हे ठाऊक असेल तर मुदत ठरवणे सोपे जाते. कोवळ्या पिल्लांची रक्ती हगवण वेळेवर औषध मिळाल्यास आटोक्यात येते. देवीच्या पुळ्या तुऱ्यावर आणि पापण्यांवर येतात. डोळे बंद झाल्यामुळे पक्षी उपाशी राहतो, पण दोन-चार आठवडे हाताने भरवले तर बहुतेक पक्षी वाचतात. तोंडाच्या आत आणि घशात पापुद्रा धरणारी देवी मात्र श्वास कोंडते. अंडे अडकलेली कोंबडी शेपटी खालीवर करत कुंथत राहते. तिला कोमट पाण्याच्या टोपात पंधरा-वीस मिनिटे बसवावे, मागच्या बाजूला तेल लावावे, अंधाऱ्या शांत जागी ठेवावे. एक दिवस उलटून गेला तर पशुवैद्यकाशिवाय उपाय नाही; घरात अंडे आत फोडायला जाऊ नये. कुत्र्याने फाडलेली कातडी पाहवत नाही, तरी मांस आणि हाडे शाबूत असतील तर कोंबडीची जखम आश्चर्य वाटेल इतक्या लवकर भरते. पोटाची पोकळी उघडी पडली असेल, पाठीचा कणा मोडला असेल किंवा जखमेत खोल किडे पडले असतील तर वाट पाहू नये.

मरेक या रोगात एक पाय पुढे आणि एक मागे अशी फाकलेली स्थिती होते. हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यावी लागते. लक्षणे दिसल्यावर इलाज नाही. म्हाताऱ्या अंड्यावरच्या कोंबड्यांत अंडनलिकेचे आणि बीजांडाचे विकार, पोटात पाणी साठणे हे वारंवार दिसते. पोट फुगून पेंग्विनसारखी उभी राहणारी, चार पावले टाकून धापणारी अशी कोंबडी क्वचितच पूर्ण बरी होते.

राणीखेत हा परसातला सर्वांत मोठा मारेकरी. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२७ मध्ये तो नोंदवला गेला आणि भारतात ते नाव त्याला चिकटले. महाराष्ट्रात त्याला मानमोडी म्हणतात. लस न दिलेल्या कळपात तो दहांतल्या नऊ कोंबड्याही नेऊ शकतो. हिरवट-पांढरी हगवण, घरघर, लुळे पंख आणि शेवटी मान पिळवटणे हा त्याचा क्रम. विषाणूवर औषध नाही. वाचलेल्या काही पक्ष्यांची मान कायमची वाकडी राहते. अशी कोंबडी भांड्यात खोलवर दाणे ठेवले तर खाते, जगते, कधी अंडीही देते. तिला केवळ वाकडी दिसते म्हणून मारू नये. पण मान मागे पडून ती कोलांट्या खात असेल, चोच दाण्यापर्यंत नेता येत नसेल, तर रोज जबरदस्तीने भरवत राहण्यात पक्ष्याचे भले नाही.

निर्णयासाठी पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पक्षी स्वतःहून खातो-पितो का, उभा राहतो का, श्वास मोकळा आहे का, आणि कोंबडीपणाच्या ज्या गोष्टी, म्हणजे माती उकरणे, धुळीत लोळणे, उन्हात पंख पसरणे, चोचीने पिसे साफ करणे, त्यांतली एखादी तरी अजून करतो का. तीव्र दुखण्यात दोन ते तीन दिवसांत थोडी तरी सुधारणा दिसायला हवी. स्वयंपाकघरातल्या किंवा भंगारवाल्याकडच्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून भिंतीवर खडूने लिहून ठेवले तर मनाची समजूत घालणारी खोटी आशा टिकत नाही. वजन रोज घटते आहे, पक्षी पाण्यालाही तोंड लावत नाही, चोच उघडी ठेवून सतत धापतो आहे, हाताळताना ओरडतो किंवा उलट काहीच प्रतिसाद देत नाही, यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तर मुदत संपली असे समजावे. म्हातारपण हे एकटे कारण नव्हे. अंडी बंद झालेली पण उन्हात निवांत बसणारी, संध्याकाळी आपल्या पायांनी खुराड्यात जाणारी कोंबडी मरणाच्या दारात नसते.

सोलापूर जिल्ह्यात माळकरी, लिंगायत आणि जैन घरे पुष्कळ आहेत. पंढरपूर याच जिल्ह्यात. ज्या घरात जीव घेणे निषिद्ध मानतात तिथे दयामरणाचा आग्रह धरणे योग्य नाही. पण न मारणे आणि न पाहणे यांत फरक केलाच पाहिजे. अशा घराने शेवटपर्यंतची सेवा खरोखर करावी. मऊ कोरडे अंथरूण, सावली, दर दोन तासांनी कूस बदलणे, चोचीला पाण्याचे थेंब, मुंग्या-माश्यांपासून जाळी, आणि पशुवैद्यकाने दिलेले वेदनाशामक. खाणे सोडलेल्या पक्ष्याच्या तोंडात अन्न कोंबू नये. देवाच्या नावाने सोडलेल्या कोंबड्याबाबतही हेच. त्याला रानात किंवा महामार्गाच्या कडेला नेऊन सोडणे म्हणजे त्याला कुत्र्यांच्या हवाली करणे.

दयामरणाचा सर्वांत चांगला मार्ग पशुवैद्यकाच्या हातून. पक्ष्याला आधी गुंगी देऊन मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस दिला की तो झोपेतच जातो. मोहोळ किंवा सोलापूरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेण्याआधी फोन करून विचारावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पेंटोबार्बिटालसारखे औषध वापरलेला मृतदेह विषारी राहतो. तो खाण्यासाठी वापरू नये, उघड्यावरही टाकू नये, कारण तो खाणारे कुत्रे किंवा घार मरू शकते.

पशुवैद्यक मिळत नाही, रात्र झाली आहे आणि पक्षी तडफडतो आहे, अशी वेळ खेड्यात आणि औद्योगिक वसाहतीत नेहमी येते. तेव्हा हाताने मारणे भाग पडते, आणि ते ज्याने पूर्वी केले आहे त्यानेच करावे. प्रथमच करणाऱ्याचा हात कचरतो आणि अर्धवट झालेले काम पक्ष्याला भोवते. कोंबडीला अंगाशी धरून डोळ्यांवर गडद कापड टाकले की ती शांत होते. अंधारात पक्षी हालचाल थांबवतात. इतर कोंबड्यांपासून आणि लहान मुलांपासून दूर जावे. डोक्याच्या मागच्या बाजूला एकच जोरदार, नेमका आघात करून तिला बेशुद्ध करणे आणि लगेच धारदार सुरीने मान पूर्ण तोडणे, ही पद्धत साधी आणि कमी चुकणारी आहे. दुसरी पद्धत मानेचा सांधा निखळवण्याची. यात डोके आणि मानेचा पहिला मणका झटक्यात ताणून अलग करतात. नुसती मान पिरगाळणे म्हणजे हे नव्हे; पिरगाळल्याने श्वास कोंडतो आणि पक्षी शुद्धीवरच राहतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमांनुसार हाताने सांधा निखळवणे तीन किलोपर्यंतच्या पक्ष्यांपुरतेच मर्यादित आहे आणि एका माणसाने दिवसात ७० हून अधिक पक्षी असे मारू नयेत. गिरिराजासारख्या जातीचा पूर्ण वाढीचा कोंबडा या वजनापलीकडे जातो, म्हणून त्याच्यासाठी ही पद्धत नाही.

यानंतर पंखांची जोरात फडफड होते, पाय झटकले जातात. ही मज्जारज्जूची आपोआप होणारी हालचाल असते. अनेकांना ती वेदना वाटते आणि ते घाबरून पक्षी सोडून देतात. मान तोडल्यावरही मेंदूतली जाणीव तत्क्षणी विझत नाही, काही सेकंद लागतात. म्हणूनच आधी बेशुद्ध करण्याला महत्त्व आहे. फडफड थांबल्यावर श्वास बंद आहे, छातीत ठोका नाही, डोळ्याला बोट लावल्यावर आतली पारदर्शक पापणी सरकत नाही, आणि जबडा सैल पडला आहे, हे सगळे तपासल्याशिवाय पक्षी मेला असे धरू नये. पाण्यात बुडवणे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडणे, फ्रीजरमध्ये ठेवणे, उंदराचे औषध घालणे, बोथट सुरीने गळा घासत राहणे, जमिनीवर आपटणे, यांतली एकही पद्धत दयेची नाही. आजारी पक्षी चिकनच्या दुकानात नेऊन "एवढी कापून दे" म्हणणेही चुकीचे. तिथल्या एकाच ठोकळ्यावरून तो रोग गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत जातो.

कायदा या बाबतीत मालकाच्या विरोधात नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणसाखेरीज कोणताही जिवंत जीव, त्यामुळे कोंबडीही त्यात येते. कलम ११ नुसार अनावश्यक क्रूर पद्धतीने मारणे हा गुन्हा आहे, तसेच उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हाही गुन्हा आहे. कलम १३ मध्ये, जिवंत ठेवणे हेच क्रूरपणाचे ठरेल अशा जखमी वा रोगी प्राण्याला मारण्याची तरतूद आहे.

एका परिस्थितीत मात्र हा निर्णय मालकाच्या हातात राहत नाही. साथीचा संशय असेल तर काय करायचे हे २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाने ठरवलेले आहे, आणि आजाराची खबर ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. मार्च २०२५ मध्ये खुद्द सोलापूर शहरात मेलेल्या कावळ्यांत हा विषाणू सापडला. कावळा उष्ट्यासाठी चिंचोळीतल्या परसातही उतरतो, म्हणून चार कोंबड्यांच्या मालकालाही यातून अंग काढून घेता येत नाही. एक-दोन दिवसांत कळपातले अनेक पक्षी एकदम मेले, डोके सुजले, तुरा निळाजांभळा पडला, पायांच्या खवल्यांवर रक्ताचे डाग दिसले, तर शुश्रूषा नाही आणि घरचे दयामरणही नाही. पक्ष्यांना हात लावू नये, पक्षी कापून आत काय झाले हे पाहू नये, एकही पक्षी घराबाहेर जाऊ देऊ नये, आणि लगेच खबर द्यावी. रोग सिद्ध झाला तर बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या क्षेत्रातले पक्षी प्रशिक्षित पथकाकडून मारले जातात आणि त्यांची भरपाई मिळते. दहा किलोमीटरपर्यंत देखरेख राहते. निरोगी दिसणारी कोंबडी लपवून ठेवण्याचा मोह अशा वेळी होतोच. पण हा विषाणू माणसालाही मारतो. २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरयाणातील ११ वर्षांचा मुलगा त्यानेच दगावला. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची झाली ती अशा रोगांचा फैलाव लवकर रोखता यावा म्हणून.

मृत पक्ष्याची विल्हेवाट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर, नाल्यात किंवा उसाच्या फडात फेकलेली कोंबडी कुत्री ओढून नेतात आणि रोग परतून येतो. किमान तीन फूट खोल खड्डा, तोही विहीर, बोअरवेल आणि ओढ्यापासून दूर. मृतदेहावर चुना, वर माती आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत एवढा खड्डा खणणे जिकिरीचे असते, म्हणून ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी पावसाळ्यानंतर जमीन ओली असताना तो खणून झाकून ठेवावा. मरणाचे कारण कळत नसेल आणि बर्ड फ्लूची लक्षणे नसतील, तर एक ताजा मृतदेह दुहेरी पिशवीत, बर्फाच्या सान्निध्यात पण न गोठवता, शवविच्छेदनासाठी पशुवैद्यकाकडे नेण्याने उरलेल्या पक्ष्यांचा जीव वाचू शकतो.

खुराड्यातली विष्ठा आणि भुसा काढून जाळावा, फळ्या धुऊन उन्हात वाळवाव्यात, चुन्याची सफेदी द्यावी, आणि साथीचा रोग होता तर किमान तीन आठवडे नवे पक्षी आणू नयेत. नवी पिल्ले आली की त्यांना लस द्यावी : राणीखेतची लासोटा लस पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचतात. अडचण एकच : लशीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की साधारण दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोणी ती आणत नाही, आणि त्या चार कोंबड्याच मानमोडीत जातात. चिंचोळी काटी, पाकणी, कोंडी किंवा एमआयडीसीतल्या खोल्यांच्या एका ओळीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, सकाळी गारव्यात पशुधन पर्यवेक्षकाला बोलवावे आणि सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच कुपीतून लस द्यावी. असा वाटून घेतलेला खर्च प्रत्येक घराला थोडाच पडतो.